नायडूंच्या तीन जखमा

कन्हानच्या मोकळ्या मैदानावर परवा मुले क्रिकेट खेळत होती. एकाच्या बोटास चिंधी बांधलेली, तरी आपली पाळी सोडावयास तो राजी नव्हता. ते पाहून नागपुरातच १८९५ साली जन्मलेल्या सी. के. नायडूंचे स्मरण झाले.

नायडूंचे नाव निघाले, की १९२६ साली मुंबईस एम. सी. सी.विरुद्ध त्यांनी काढलेल्या १५३ धावा व त्यांतील ११ षट्कार यांचेच वर्णन होते. ते यथार्थच आहे. तथापि त्यांच्या कसोटी कारकिर्दीच्या दोन्ही टोकांस दुखापत उभी आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

भारताचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू झाला. अवघ्या १९ धावांत इंग्लंडचे ३ गडी गेले. पण पुढे एक झेल घेण्याच्या प्रयत्नात कर्णधार नायडूंच्या हातास जबर मार बसला. त्याच हाताने बॅट धरून त्यांनी पहिल्या डावात ४० धावा केल्या. १८९ धावांच्या त्या डावात याहून अधिक कोणाच्याच नव्हत्या. सामना मात्र १५८ धावांनी गेला.

याला निव्वळ शौर्य म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. दुखावलेल्या हाताने खेळणे शहाणपणाचे खासच नव्हे. पण दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज. ते बाजूस सरले म्हणून संस्थानिक नसलेल्या माणसाकडे परतंत्र देशाचे नेतृत्व आले. तो तंबूत बसून राहता, तर त्याचा अर्थ लावणारे थोडे नव्हते. आणि वयही छत्तिशीचे. उमेदीची वर्षे कसोटीवाचूनच सरलेली.

१९३६ साली ओव्हलवर ॲलनचा वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर असा आदळला, की ते कळवळून वाकले. पुन्हा उभे राहून त्यांनी ८१ धावा केल्या. तो त्यांचा सातवा आणि शेवटचा कसोटी सामना.

तिसरी जखम १९५१-५२ च्या रणजी अंतिम सामन्यातली. होळकर संघाच्या या छप्पन्न वर्षांच्या कर्णधाराचे दोन दात मुंबईच्या दत्तू फडकरांच्या चेंडूने पडले. फडकर पुढे जरा हळू टाकू लागले, तेव्हा नायडूंनीच त्यांस पूर्वीच्याच वेगाने टाकावयास सांगितले. त्यानंतरही १९५६-५७ पर्यंत ते रणजी सामने खेळत होते, अखेरीस उत्तर प्रदेशाकडून.