आवाज आणि चेहरा : ‘चॅनेल व्ही’चे पर्व

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास सांगताना १९३५ या वर्षाचा उल्लेख हमखास येतो. त्या वर्षी नितीन बोस यांच्या ‘धूपछाँव’मध्ये पार्श्वगायनाचा वापर झाला आणि गाणाऱ्याचा आवाज व पडद्यावरचा चेहरा यांची फारकत सुरू झाली. आपल्या रंगभूमीवर बालगंधर्वांना ऐकणे आणि त्यांना पाहणे या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या. पुढे भावगीताने चित्रपटाबाहेर स्वतःची जागा निर्माण केली, पण ती मुख्यतः ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांच्या आधारावर. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ वर्षभर ऐकले गेले. श्रोत्यांना गायकांचे चेहरे दिसत नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. मैफल वगळली, तर चित्रपटातल्या गाण्याचा चेहरा उसना होता आणि चित्रपटाबाहेरच्या गाण्याला चेहराच नव्हता. ‘चॅनेल व्ही’ या संगीतवाहिनीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे, असे आम्हांला वाटते.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली, तेव्हा तिथल्या श्रोत्याला गाण्याबरोबर अहोरात्र चित्र मिळणे ही नवलाई होती. आपल्याकडे तसे नव्हते. ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ यांनी गाणे पाहण्याची सवय घराघरांत रुजवली होती. त्यामुळे १९९१ साली हाँगकाँगहून स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून एमटीव्ही इथे पोहोचली, तेव्हा चकित व्हावे असे चित्रात काही नव्हते. नवे होते ते एवढेच, की या गाण्यांमागे चित्रपट नव्हता.

१९९४ मध्ये स्टार आणि एमटीव्ही यांचे फाटले. एमटीव्ही बाहेर पडली आणि तिच्या जागी स्टारने स्वतःची ‘चॅनेल व्ही’ आणली. एमटीव्ही खास भारतासाठीची वाहिनी घेऊन परतली ती १९९६ साली. मधल्या काळात ‘व्ही’ने स्वतःची भाषा घडवली. ती हिंदी-इंग्रजीच्या भेसळीची होती आणि तिच्यात थट्टा भरपूर होती. ‘क्विक गन मुरुगन’ हा शाकाहारी दाक्षिणात्य काउबॉय याच वाहिनीच्या जाहिरात-चित्रफितींत जन्मला. २००९ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. परदेशी साचा घ्यायचा आणि त्या साच्यालाच हसायचे, ही वृत्ती त्यात स्पष्ट दिसते. आमच्या दृष्टीने ती निव्वळ थिल्लर नव्हती. ज्या समाजात पाश्चात्त्याचे एक तर अनुकरण होई किंवा निषेध, तिथे विडंबन ही तिसरी वाट होती.

याच काळात ज्याला ‘इंडीपॉप’ म्हटले गेले ते गाणे बहरले. अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ (१९९५) हे त्याचे ठळक उदाहरण. बिद्दूचे संगीत आणि केन घोष यांचे दिग्दर्शन असलेल्या त्या चित्रफितीत एका राजकन्येचे स्वयंवर आहे, आणि तिचा वर (मिलिंद सोमण) अवतरतो तो मालाच्या खोक्यातून. उदारीकरणानंतर चारच वर्षांनी देशी पुरुष असा खोक्यात बांधून, शिक्का मारल्यासारखा यावा, याहून बोलके रूपक एखाद्या कादंबरीतही क्वचितच सापडेल. परंतु आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती राजकन्या. चित्रपटांत पार्श्वगायन करणारी गायिका इथे स्वतःच्या आवाजासह स्वतः उभी होती. ध्वनिमुद्रित गाण्यावर तीही ओठच हलवीत होती, हे खरे. पण ते ओठ तिचे होते. १९९६ मध्ये लकी अलीचे ‘ओ सनम’ आले. महमूदसारख्या नटाचा हा मुलगा गायक म्हणून घराघरांत पोहोचला तो चित्रपटातून नव्हे, तर इजिप्तमध्ये चित्रित झालेल्या एका चित्रफितीतून. त्याच वर्षी हरिहरन आणि लेझली लुईस यांची ‘कलोनियल कझिन्स’ ही जोडी पुढे आली. कित्येक वर्षे परक्या चेहऱ्यांसाठी गाणारा हरिहरनही आता रसिकांना दिसू लागला.

हे पर्व दशकभरही टिकले नाही. त्याचे कारण बहुधा अभिरुचीत नव्हे, अर्थकारणात शोधावे लागेल. स्वतंत्र गाण्याच्या चित्रफितीचा खर्च ध्वनिफीत कंपनीला वेगळा करावा लागे. चित्रपटाचे गाणे मात्र मुळातच चित्रित झालेले असे, आणि निर्मात्याला त्याची प्रसिद्धी हवीच असे. त्यात चोरट्या प्रतींनी ध्वनिफितींची विक्री पोखरली. संगीतवाहिन्या हळूहळू चित्रपटगीतांनी भरून गेल्या.

२००२ साली ‘काँटा लगा’चे रिमिक्स गाजले. १९७२ च्या ‘समाधि’ चित्रपटातले लता मंगेशकरांचे हे गाणे. नव्या चित्रफितीत ते पुन्हा गायले गेले, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती त्यात नाचणारी तरुणी. नवी गायिका कोण, हे फारसे कोणी विचारले नाही. आवाज आणि चेहरा पुन्हा वेगळे झाले होते. त्याच वर्षी ‘व्ही’ने स्पर्धेतून पाच मुलींचा ‘व्हिवा’ हा गट उभा केला, आणि १९९४ ची थट्टेखोर वाहिनी आता स्पर्धेच्या वाटेने निघाली. पुढे ही वाट मोठ्या वाहिन्यांनी रुंद केली. २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला तेव्हा गाणाऱ्याला चेहरा मिळाला खरा; पण त्या मंचावर त्याच्या तोंडी असत ती इतरांनी गाऊन ठेवलेली गाणी.

२०१२ मध्ये ‘व्ही’ने गाणी सोडून तरुणांच्या मालिका धरल्या, २०१६ मध्ये ती पुन्हा गाण्यांकडे वळली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये भारतात बंद पडली. तिने दाखवलेली गाणी आज आंतरजालावर एका शोधात सापडतात. गाण्यांच्या मधले निवेदकांचे बोलणे, खोड्या, अर्ध्या मिनिटाची विडंबने मात्र तितक्या सहजी हाती लागत नाहीत. वास्तविक त्या काळाची भाषा तिथे घडत होती. संगीताचे इतिहासकार गाणी जपतील. ती मधली बडबड जपणे हे साहित्याच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि ते आपण अद्याप हाती घेतलेले नाही.