गळाला लागलेला इतिहास

भोळा माणूस ठकाच्या 'गळाला लागतो' आणि निवडणुका आल्या की 'आमिष' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज दिसू लागतो. विषयसुखाला गळावरच्या आमिषाची उपमा तर आपल्या संतांनीही दिली आहे. मराठीत असा रुळलेला हा गळ आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र क्वचितच भेटतो. गळाने मासे धरणे हा ढिवर-भोयांचा पोटाचा धंदा, आणि हौसेने तो करायचा तर साहेबाचे फॅड, अशी आपली साधारण समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. हौस म्हणून गळ टाकण्याची परंपरा आपल्याकडे किमान नऊशे वर्षे जुनी आहे आणि तिच्यावर ग्रंथ लिहिणारा राजा मराठी वाचकाला परका नाही.

हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सोमेश्वर तिसरा. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य. नागपूरकरांना या विक्रमादित्याची ओळख घरच्या घरी करून घेता येते. सीताबर्डीचा शिलालेख म्हणून ओळखला जाणारा शके १००८, म्हणजे इसवी सन १०८७ चा लेख त्याच्याच राजवटीतला. त्याच्या मुलाने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले आणि ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी पदांचे जुने नमुने त्यात सापडतात म्हणून साहित्याच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो. जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून तीन खंडांत निघाली.

शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभार आहे, स्वयंपाक आहे, संगीत आहे, आणि राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' हे एक प्रकरण आहे. यातला 'विनोद' म्हणजे मनोरंजन. सोमेश्वर तीस-पस्तीस प्रकारचे मासे सांगतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, अशी त्यांची वर्गवारी करतो. पुढे कोणत्या माशाला काय आवडते हे येते. कुणाला पिठाचे गोळे, कुणाला भाताचे, कुणाला मांसाचे तुकडे. माशांना आधी खाऊ घालावे, जागेची सवय लावावी, मग गळ टाकावा, असा त्याचा क्रम आहे. काठी बांबूची, दोरी वनस्पतींच्या तंतूंची वळलेली. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्रजीतले गळावरचे पहिले छापील पुस्तक १४९६ चे आणि आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. आपला मत्स्यविनोद त्या पहिल्या पुस्तकाच्याही साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा.

आता प्रश्न असा की राजाला हे सारे कुणी शिकवले? कोणता मासा कोणत्या डोहात राहतो आणि काय खातो, हे सिंहासनावर बसून कळत नाही. ते नदीकाठच्या माणसाला कळते. त्या माणसाचे नाव ग्रंथात आलेले नाही. पण पानोपानी दिसणारे ज्ञान त्याचेच असणार.

हीच गोष्ट सातशे वर्षांनी पुन्हा घडली, आणि या वेळी मात्र थोडा पुरावा मागे राहिला. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करताना त्याने इथल्या माशांचाही अभ्यास केला आणि १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नवीन माशांना नावे देताना त्याने एक चांगली गोष्ट केली. लोकांच्या तोंडची मराठी नावे त्याने लॅटिन नावांत तशीच बसवली. आपला शिंगाळा शास्त्रात 'सीनघाला' झाला, कोळस 'कोलुस' झाला. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीर माशाला त्याने 'खुद्री' हे नाव दिले. आज जपानमध्ये किंवा ब्राझीलमध्ये बसलेला शास्त्रज्ञ या माशांविषयी लिहितो तेव्हा नकळत दख्खनच्या मासेमाराचा शब्द लिहितो.

मध्य प्रांतातही, म्हणजे नागपूर जिची राजधानी होती त्या प्रांतात, या माणसांची नोंद झाली. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यात ढिमरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे, तळ्यात शिंगाड्याचे पीक घेणे हे त्यांचे व्यवसाय तिथे सांगितले आहेत. पूर्व विदर्भ हा तर तळ्यांचाच मुलूख. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हजारो तळी बांधली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तळी सरकारकडे गेली आणि 'माजी मालगुजारी'चे 'मामा तलाव' झाले. धानाला पाणी आणि ढिवराला मासा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

साहेबाने आपल्याकडे हौसेच्या मासेमारीत काय भर घातली, तेही पाहायला हवे. मद्रास प्रांतातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. झुंज देण्यात महसीर हा विलायतेतल्या साल्मनपेक्षा सरस आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. महसीरच्या जबड्याच्या दाबाने विलायती गळ चिरडले जातात, म्हणून इथे जाड आणि मजबूत गळ हवा, हे त्यांनी अनुभवाने सांगितले. जिवंत आमिषाच्या जागी पाण्यात गरगरणारा धातूचा चमचा किंवा खोटा मासा आला. काठीला रीळ आले. नदीत विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारण्याला बंदी करणारा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदाही याच काळातला, १८९७ चा. छंद वाढला तसा माशाच्या भवितव्याचा विचारही सुरू झाला.

या सुमारास अमेरिकेत आणखी एक मासा गाजू लागला होता. त्याचे नाव बास. डॉ. जेम्स हेन्शल यांनी १८८१ मध्ये या एकाच माशावर मोठे पुस्तक लिहिले. बास पाणवनस्पतीत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर, मासोळीवर झडप घालतो. त्याला फसवण्यासाठी जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडी आमिषे कोरली. १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. आज दुकानात मिळणारे साधे स्पिनिंग रीळ त्याचेच वंशज. १९३६ मध्ये फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी जखमी मासोळीसारखे डुलणारे आमिष बनवले. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे नायलॉनची दोरी आली आणि १९४९ मध्ये निक क्रीम यांनी प्लॅस्टिकचे गांडूळ ओतले. आज जगभर विकल्या जाणाऱ्या गळ-सामानाचा बराचसा भाग या बासच्या मागे लागूनच तयार झाला आहे.

आता तुम्ही विचाराल, नागपूरच्या माणसाला या बासशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे, कारण त्या स्वभावाचा मासा आपल्या तळ्यांत पूर्वापार आहे. तो म्हणजे मरळ. शेवाळ आणि कमळपानांच्या आडोशाला लपणारा, बेडकावर तुटून पडणारा, आणि हवेतला श्वास घ्यायला मधूनमधून वर येणारा. ढिवराने त्याला धरायची युक्ती केव्हाच शोधली होती. काठावर काठी रोवायची, गळाला जिवंत बेडूक अडकवायचा आणि तो पाण्याला जेमतेम टेकेल असा सोडायचा. अमेरिकेत बाससाठी बनलेला रबरी बेडूक आज आपल्याकडे मरळीसाठी विकला जातो. कल्पना तीच, फक्त बेडूक मेलेला नाही आणि जिवंतही नाही!

हौसेने मरळ धरणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. रबरी बेडकाच्या गळाची टोके वर वळलेली आणि अंगाला चिकटलेली असतात. त्यामुळे तो शेवाळात अडकत नाही. मरळ झडप घालते तेव्हा पाण्याचा फवारा उडतो आणि नवखा माणूस लगेच काठी ओढतो. तसे करू नये. दोरीला माशाचे वजन लागेपर्यंत क्षणभर थांबावे, मग जोराने ओढावे. दाट वनस्पतीत पातळ नायलॉन तुटते, तिथे विणलेली दोरी आणि ताठ काठी हवी. मोकळ्या पाण्यात मात्र लवचीक काठी आणि चकाकणारा चमचा बरा. मासा परत सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, हात ओले करून मगच माशाला धरावे. आणि तळे ज्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असेल तिला आधी विचारावे. आपली हौस तिथे दुसऱ्याच्या भाकरीवर उभी असते.

पण खरी कसोटी पावसाळ्यात लागते. पाऊस सुरू झाला की मरळ काठालगतच्या उथळ पाण्यात येते. वनस्पती बाजूला सारून थोडी मोकळी जागा करते आणि तिथे तिची अंडी तरंगतात. पिल्ले निघाली की त्यांचा लालसर-नारिंगी पुंजका पाण्यावर दिसतो. श्वासासाठी पिल्ले वर आली की तिथले पाणी बुडबुडल्यासारखे हलते. त्या पुंजक्याखाली त्यांचे आई-बाप पहारा देत असतात. त्या काळात जवळ येईल त्यावर ते तुटून पडतात, भूक असो वा नसो. म्हणजे पिल्लांच्या पुंजक्यावरून रबरी बेडूक ओढला की मोठी मरळ हमखास लागते. फोटो सुरेख येतो. मागे राहिलेली शेकडो पिल्ले मात्र इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातात.

बासचेही असेच आहे. त्याचा नर घरट्यावर पहारा करतो. त्याला थोड्या वेळासाठी जरी दूर केले तरी इतर छोटे मासे अंड्यांवर आणि पिल्लांवर धाड घालतात, हे तिकडच्या संशोधकांनी दाखवून दिले. उत्तर अमेरिकेत कित्येक ठिकाणी घरट्यांचा हंगाम संपेपर्यंत बासची मासेमारी बंद ठेवतात. १९७२ मध्ये रे स्कॉट यांनी आपल्या बास स्पर्धांमध्ये पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याचा आग्रह धरला आणि तो रिवाज जगभर पसरला. सामान तिकडून आणणाऱ्यांनी त्यासोबत आलेला हा संयमही आणायला हवा.

आपल्याकडेही त्याची उदाहरणे आहेत. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे साइक्सच्या परंपरेतले शास्त्रज्ञ. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या एका माशाला लोक 'खवलचोर' म्हणतात. १९५२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करताना कुलकर्णींनी त्याच्या लॅटिन नावात तोच शब्द ठेवला. पुढे १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रात त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. धरणांमुळे वाटा तुटलेल्या त्या 'खुद्री'ची पिल्ले तिथून इतर जलाशयांत आणि नद्यांत गेली. दक्षिणेतल्या गळाच्या शौकिनांनी ती कावेरीत सोडून जोपासली.

मरळीसाठी एवढा खटाटोप लागत नाही. तिला प्रयोगशाळा नको, पावसाळ्यातले काही आठवडे हवेत. आज इंटरनेटवरून मागवलेला बेडूक दोन दिवसांत घरी येतो. जे ज्ञान मिळवायला ढिवराच्या पिढ्या गेल्या आणि सोमेश्वराला ग्रंथ लिहावा लागला, त्याचा निम्मा भाग त्या खोक्यात मिळतो: मासा कसा फसवायचा. मासा केव्हा फसवायचा नाही, हा उरलेला निम्मा भाग विकत मिळत नाही. तो तळ्याकाठी, जाणत्या माणसाजवळ बसून शिकावा लागतो. गावोगावी अशी जाणती माणसे अजून आहेत. काठी घेऊन निघालेल्या तरुणांनी त्यांना विचारावे, आणि पाण्यावर नारिंगी पुंजका दिसला की तेवढ्यापुरती दोरी गुंडाळून पुढच्या काठाला जावे.