परसांतला शिंजीर

हिवाळ्यांत जुन्नर-आंबेगांवकडील परसांत जास्वंदी-कर्दळीवर चार इंचांचा एक चपळ पक्षी येतो. वांकडी, सुईसारखी चोंच फुलांत घालून तो मध शोषतो. मुलें त्याला ‘हमिंगबर्ड’ म्हणतात, आणि वडील माणसें मान डोलावितात. वास्तविक हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांत आढळतो. आपला पक्षी शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघांचीं कुळें भिन्न. मध शोषण्याचा व्यवसाय मात्र एक, म्हणून चोंचींत साम्य आलें, इतकेंच.

शिंजिराच्या शास्त्रीय इतिहासाचा एक धागा जुन्नरशीं जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम हेन्‍री साइक्स दक्षिणेंत मुलखाची पाहणी करीत होते. जुन्नरजवळील बौद्ध लेण्यांतील शिलालेख त्यांनीं उतरून घेतले. ते १८३७ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें छापले. त्याच गृहस्थांनीं १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध करून शिंजिराच्या दोन जातींचें प्रथम वर्णन केलें. एकीला त्यांनीं ‘मिनिमा’, म्हणजे सर्वांत लहान, असें नांव दिलें. दुसरी जात केवळ सह्याद्रीच्या पट्ट्यांतली. पण तिला नांव मिळालें लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे चिटणीस व्हिगर्स यांचें! परसांतला नेहमींचा जांभळा शिंजीर तर लेथम या इंग्रज पंडितानें १७९० सालींच नोंदविला होता.

यांत साइक्ससाहेबांचा दोष नाहीं. ज्यानें पाहून लिहून ठेविलें, त्यानें दिलेलें नांव ग्रंथांत राहिलें. आपल्या लोकांनीं पाहिलें पुष्कळ, लिहिलें थोडें. आतां ‘शिंजीर’ हा शब्दही मुलांच्या तोंडून गेला, तर त्या पाहण्याची उरलीसुरली खूणही पुसली जाईल.

पाहण्याजोगें तर पुष्कळ आहे. विणीचा काळ उलटला, कीं जांभळा नर आपला झळाळता वेष उतरवितो. मग त्याचें पोट पिवळें दिसतें आणि गळ्यापासून मधोमध काळसर पट्टा तेवढा उरतो. घरच्या मंडळींना वाटतें, हिवाळ्यासाठीं कोणी परदेशी पाहुणा आला. असतो तो घरचाच, कपडे बदललेला. हिवाळा सरतां सरतां त्याची झळाळी परत येते. पुढें मादी कोळ्याच्या जाळ्यांनीं बांधलेलें लोंबतें घरटें करते आणि पिलांना किडे भरविते. म्हणून परसांतलें प्रत्येक जाळें झाडून टाकूं नये.

यंदा नराचा रंग ज्या दिवशीं पालटेल, ती तिथि पंचांगाच्या कडेला मुलांकडून लिहवून घ्या. आणि पुढें नांव लिहवा – शिंजीर.