सामायिक फाइल-व्यवस्था

अनेक कर्मचाऱ्यांच्या उपयोगाच्या फायली संस्थेच्या सहकार्य-मंचांवर ठेवण्याच्या पद्धतीस सामायिक फाइल-व्यवस्था म्हणतात. फोल्डरांच्या नावांची चर्चा पुष्कळ होते. परंतु फाइल कोणाच्या खात्यात आहे, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न होय.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये (२०१७) चॅनेलवर टाकलेली फाइल त्या गटाच्या शेअरपॉइंट संकेतस्थळावर साठवली जाते. चॅटमधून पाठवलेली फाइल मात्र पाठवणाऱ्याच्याच वनड्राइव्हमध्ये राहते. कार्यालयातील कागद घरच्या कपाटात ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर त्याचे खाते काढून टाकल्यास ते वनड्राइव्ह मूळ मांडणीनुसार ३० दिवसच राखले जाते. प्रशासकाला ही मुदत वाढवता येते.

गूगलच्या ‘माय ड्राइव्ह’मध्येही मालकी व्यक्तीकडे असते. गूगलने २०१७ मध्ये ‘टीम ड्राइव्ह’ सुरू केले. २०१९ मध्ये त्याचे ‘शेअर्ड ड्राइव्ह’ असे नामांतर झाले. त्यातील फायली संस्थेच्या मालकीच्या असल्याने सदस्य गेला तरी त्या तेथेच राहतात.

स्लॅकसारख्या संदेश-मंचावर फाइल थेट चढवल्यास तिची स्वतंत्र प्रत तयार होते व मूळ फाइलीतील नंतरच्या दुरुस्त्या तीत उतरत नाहीत. त्यामुळे तेथे फाइलीऐवजी दुवा देणे श्रेयस्कर ठरते.