तन्मण्याचा गोंडा

माझ्या आजीच्या तन्मण्याला मागं फासा नव्हता, हूक नव्हता; होता तो लाल रेशमाचा गोंडा. मोत्यांचे सर संपत तिथून दोन दोर निघत आणि जरीनं घट्ट मढवलेल्या एका मण्यातून बाहेर येत. मणी वर सारला की तन्मणी गळ्याशी बसे, खाली ओढला की सैल होई. सासूच्या गळ्यात तोच, सुनेच्या गळ्यातही तोच.

हे काम सोनाराचं नव्हे, पटवेकऱ्याचं. सोनार घडवायचा, पटवेकरी गाठवायचा. रेशमाचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून दोरा ताणायचा आणि मोत्यामोत्यात गाठ मारत जायचा. सगळी अक्कल त्या गाठीत आहे. मोत्यावर मोती घासत नाही आणि दोरा तुटलाच तरी सगळा सर ओघळत नाही. बसऱ्याच्या मोत्याचं भोक बारीक. त्यात धातूची तार घालणं म्हणजे मोत्याच्या जिवावर उठणं. रेशीम मऊ, पण घामानं कुजतं, म्हणून दागिना अधूनमधून पुन्हा गाठवावा लागे आणि पटवेकऱ्याचं घराशी नातं टिके.

पुढं जपानचे कल्चर मोती आले, नायलॉन आला, तयार हूक आले. हूक सोयीचा, हे खरंच. पण त्यानं दागिन्याची लांबी एकदा ठरली की ठरली.

घरात जुना तन्मणी किंवा चिंचपेटी असेल, तर हुकासाठी गोंडा कापू देऊ नका. आधी पटवेकरी शोधा.