टेस्लाची होडी आणि माझं विमान

परवा शनिवारी माझ्या रिमोटवाल्या विमानाला एलईडी बसवले. डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा. संध्याकाळी विमान येतंय की जातंय हेच कळत नाही, म्हणून हा खटाटोप. (मागचं विमान त्यातच आपटलं!) रिमोटवरचा स्विच ओढला की रिसीव्हरचा पल्स १ मिलिसेकंदाचा २ होतो, तेवढ्यावरून छोटं सर्किट दिवे लावतं.

पण हा उद्योग विमानांपेक्षाही जुना आहे राव! १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने हौदात बिनतारी होडी चालवून दाखवली. कुणीतरी ६४ चं घनमूळ विचारलं, तर तिचे दिवे चारदा लुकलुकले म्हणे. लोकांना वाटलं, आत माकड बसलंय! उत्तर अर्थात टेस्लाच देत होता. युक्ती मात्र झकास: सिग्नल एकच, पण दरवेळी आतली चकती एक घर पुढे सरकायची आणि काम बदलायचं.

८ नोव्हेंबर १८९८ ला पेटंट मिळालं. असल्या विध्वंसक यंत्रामुळे राष्ट्राराष्ट्रांत कायमची शांतता नांदेल, असं त्याने पेटंटमध्येच लिहिलं होतं. ड्रोनहल्ल्यांच्या बातम्या वाचताना ते वाक्य टोचतं.

माझं विमान नुसतेच दिवे लुकलुकवतं. तेवढंच बरं!