कमाटी बागेतील फुलांचा धनी

माघाची थंडी ओसरू लागली की बडोद्याच्या कमाटी बागेत गुलाब भरास येतात. या फुलांचा धनी कोण, असा प्रश्न आम्हां वकिलांस सुचतो. राजोद्यानातील फूल राजाचे, देवळाच्या मळ्यातील देवाचे; वाटसरूच्या वाट्यास कुंपणाबाहेरचा सुगंध तेवढा, अशी जुनी रीत होती. विश्वामित्रीकाठची ही बाग १८७९ साली लोकांसाठी झाली आणि ती रीत पालटली. कवळाण्याच्या शेतकरी घरात १८६३ साली जन्मलेले तिसरे सयाजीराव तेव्हा कायद्याच्या दृष्टीने अज्ञान होते. राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहात. महाराजांस पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१ साली. पुढे हीच बाग सयाजीबाग म्हणूनही ओळखली जाऊ लागली.

पण लोकांची म्हणजे बेवारस नव्हे. पहाटे पूजेसाठी सार्वजनिक ताटव्यातील फुले खुडणारे भाविक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. देवस्थानची मिळकत विश्वस्ताने आपली मानून वापरू नये, हे आपण जाणतो. बागेतील फुलांनाही तोच न्याय लागू आहे. पूजेसाठी परसातली जास्वंद पुरे. येथली फुले, आपल्यामागून येणाऱ्यांसाठी, देठावरच राहू द्यावीत.